पदवी, शिक्षण आणि अनुभव

परीक्षेतील गुण श्रेष्ठ की कामाचा अनुभव, हा वाद उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या उदाहरणावरून तपासता येतो. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. परंतु मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी यांत्रिक आरेखनाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. रंगांधत्वामुळे चित्रकला सुटली, तरी आरेखनाची शिस्त टिकली. बेळगावात सायकलींचा व्यवसाय व पुढे लोखंडी नांगरांची निर्मिती करताना तिला अनुभवाची जोड मिळाली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तात्पर्य, पदवीवाचून त्यांचे अडले नाही. शिक्षणावाचून मात्र अडले असते. पदवी ही शिक्षणाची केवळ साक्ष होय. आणि शिस्तीवाचून अनुभव म्हणजे निव्वळ वर्षांची बेरीज. म्हणून उमेदवाराची पारख करताना तो काय शिकला व त्या विद्येचे त्याने काय केले, हेच पाहणे अगत्याचे आहे.