कॅलेंडरवरचे वचन कोणासाठी?

प्रश्न : मुलाच्या बारावीच्या परीक्षेआधी मला यिर्मया 29:11 हे वचन कॅलेंडरवर सापडले. देवाने चांगले भविष्य योजले आहे, असे त्यात आहे. हे त्याच्या यशाचे आश्वासन मानावे का?

उत्तर : आधी तो अख्खा अध्याय एका बैठकीत वाचा. त्यात एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेले. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, त्या परक्या शहराचेही भले मागा, असे तो सांगतो. कारण दहाव्या वचनात आहे : सुटकेला सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण ती पाहायला उरणारच नव्हते! शेजारचा 28वा अध्यायही वाचा. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची हमी देतो आणि खोटा ठरतो. लोकांना अर्थातच तोच गोड वाटला असणार.

आता अकराव्या वचनातला एक शब्द बघा. मराठी बायबलात देव एकट्या माणसाला ‘तू’ म्हणतो. इथे ‘तुम्ही’ आहे आणि तो आदरार्थी नाही. मूळ हिब्रूतही अनेकवचनच आहे. बोलणे समूहाशी चालले आहे.

मग हे वचन तुमचे नाहीच का? आहे, पण देव आपल्या लोकांना विसरत नाही, या अर्थाने. टक्केवारीची हमी त्यात नाही. मुलासाठी प्रार्थना जरूर करा. निकालाचे ओझे मात्र या वचनावर टाकू नका.