गळ्यावरचा हात

कस्तुरबा गांधी मार्ग,
नवी दिल्ली

चि. निनादस,


शृंगारात गळा दाबणं तुझ्या पिढीला फारसं वावगं वाटत नाही. दोघांची मर्जी असेल तर इतरांनी नाक का खुपसावं, असं तुझं म्हणणं. आत्याने यावर लिहावं का, हा संकोच मी बाजूला ठेवलाय, तूही ठेव. मर्जीला मीही फार मानते. पण तिला पेलणार नाही असं ओझं तू तिच्यावर टाकतो आहेस.

कंठमण्याच्या शेजारी दोन बोटं हलकेच टेकव. ठोके लागतात ती मेंदूला रक्त नेणारी धमनी. तिच्यालगतच रक्त परत आणणारी शीर. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचं कवच आहे, या दोघींना नाही. म्हणून श्वास नीट चालू असतानाही मेंदूचं रक्त अडतं. १९४३ साली अमेरिकेत तरुण पुरुषांच्या मानेभोवती हवेचा पट्टा आवळून पाहिलं, तेव्हा पाच ते दहा सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. आधी ठरवलेला 'थांब'चा शब्द किंवा हाताची खूण इथेच फसते: ती करायला जी शुद्ध लागते, तीच आधी जाते. 'हलक्या हाताने' म्हणशील, तर धमनीचं आतलं अस्तर फाटायला दर वेळी जबर जोर लागतोच असं नाही. तिथे गुठळी धरली तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो, आणि तेव्हा त्या रात्रीची आठवणही कुणाला होत नाही. गळ्यावर वळ नाहीत म्हणून निभावलं, असंही नाही. सॅन दिएगोतल्या गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांत बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ज्यूदोत चालतं म्हणशील, तर तिथे डोळ्यांत तेल घालून बसलेला पंच असतो.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला गेला. मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. निष्क्रिय इच्छामरणाला इथून जवळच, टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयात २०११ साली सशर्त मान्यता मिळाली, ती त्यांच्याच प्रकरणात. तो निर्घृण हल्ला होता, प्रेमातल्या खेळाशी त्याची तुलना कशी, हा आक्षेप रास्त आहे. हेतूची तुलना मी करतच नाही. मेंदूच्या पेशींना मात्र हेतू कळत नाही, प्राणवायू आला की नाही एवढंच कळतं.

कायदा हेतू बघतो, पण तुला वाटतं तेवढा सैल नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २५ अठरा वर्षांवरच्या माणसाची इजेला दिलेली संमती मानतं. पण मृत्यू वा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल, आणि तसा संभव करणाऱ्याला ठाऊक नसेल, तरच. जिवावर बेतणारी इजा कलम ११६ खाली गंभीरच. (हे पत्र वाचल्यावर 'ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय तुला राहिली नाही.) जीव गेला तर निष्काळजीपणाचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद, हे त्यातल्या त्यात सौम्य. शिवाय कलम ६३ ला संमती हवी ती त्या विशिष्ट लैंगिक कृतीला, स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध. एका गोष्टीचा होकार दुसरीला लागू होत नाही. याच रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीवर काळ्या-पांढऱ्या दगडांतलं भलंमोठं झाड आहे ना, त्या ब्रिटिशांनीही इंग्लंड-वेल्ससाठी २०२१ च्या कायद्यात लिहूनच टाकलं की गंभीर इजेनंतर 'लैंगिक सुखासाठी संमती होती' हा बचाव चालणार नाही.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण मूलभूत हक्क ठरलं, हे तू काढशीलच. तो हक्क दार लावून घेण्याचा आहे. आत झालेल्या इजेचा जाब टाळण्याचा नाही. आणि तुझी जोडीदारच गळा दाबायला सांगत असेल तर? तरी हात तुझा आहे. तिची इच्छा ऐकायची, तिला हिणवायचं नाही, आणि 'हे मी करणार नाही' एवढं सरळ सांगायचं. नकार द्यायचा हक्क तुलाही आहेच की.

तुझ्या मित्रमंडळींत कुणाच्या बाबतीत हे घडलं असेल, आणि आवाज घोगरा झाला, गिळताना दुखलं, डोकं किंवा मान ठणकली, डोळ्यांपुढे अंधारी आली, एखादा हात-पाय लुळा वाटला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून तातडीच्या विभागात जा, आणि लाज सोडून 'गळा दाबला गेला होता' हेच शब्द डॉक्टरांना सांगा. ते कळल्याशिवाय मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी त्यांना सुचायची कशी?

तुझी,
आत्या