गिटारीची तार : नाद आणि स्पर्श

वाद्य मंद किंवा बेसूर वाजूं लागलें म्हणजे वाद्याला दोष देण्याची आपणां सर्वांना संवय असते. आणि बोटें दुखूं लागलीं म्हणजे नवा विद्यार्थी स्वतःला दोष देतो. गिटारीच्या बाबतींत हे दोन्ही दोष पुष्कळ वेळां ज्याच्या माथीं जावयास पाहिजेत, ती असते तार. कित्येक शाळांतून व प्रार्थनामंदिरांतून एखादी गिटार भिंतीला टांगलेली आढळते. तिच्या तारा कोणी व केव्हां लावल्या हें कोणालाच सांगतां येत नाहीं. अशा गिटारीवर पहिले धडे गिरवून, दोन महिन्यांत "हें वाद्य आपल्या हाताला नाहीं" असें ठरवून मोकळे होणारे विद्यार्थी थोडेथोडके नसतात. त्यांनीं तो निर्णय करण्यापूर्वीं, तार बदलली असतां नेमकें काय काय बदलतें हें पाहावें, एवढ्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम मूळ नियम पाहूं. फ्रान्समधील मिनिम संघाचे एक व्रतस्थ धर्मगुरु मारँ मर्सेन (१५८८–१६४८) हे मोठे गणिती होते. १६३६ सालीं प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत त्यांनीं तारेचे नियम मांडले. तार लांब केली कीं स्वर उतरतो, ताणली कीं चढतो, आणि जड घेतली कीं पुनः उतरतो. गणिताच्या भाषेंत, कंपनसंख्या ही लांबीच्या व्यस्त प्रमाणांत, ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणांत व दर इंचीं वजनाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणांत बदलते. आतां गिटारीची लांबी तारगहनापासून घोडीपर्यंत सुमारें ६५ सेंटिमीटर अशी ठरलेली आहे, व कोणती तार कोणत्या स्वरांत मिळवावयाची हेंहि ठरलेलें आहे. तेव्हां आपल्या हातीं उरतें तें केवळ तारेचें वजन. आणि वजन ठरलें कीं ताण आपोआप ठरतो.

बाजारांत तारांचा संच त्यांतील सर्वांत पातळ तारेच्या जाडीवरून ओळखतात. "बाराचा संच" म्हणजे पहिली तार इंचाच्या हजार भागांपैकीं बारा भाग जाड, आणि "दहाचा संच" म्हणजे दहा भाग. दोहोंतला फरक डोळ्यांना दिसणारहि नाहीं. परंतु वजन जाडीच्या वर्गाप्रमाणें बदलतें, म्हणजे १४४ ला १००. बाराची पोलादी तार आपल्या स्वरांत मिळवावयास सुमारें साडेदहा किलो वजन टांगल्याइतका ताण लागतो. दहाच्या तारेला सव्वासात किलोंच्या आसपास पुरतो. ताणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला! सहा तारांचा मिळून हिशेब केला तर बाराचा संच गिटारीला सुमारें ७३ किलोंनीं ओढतो, दहाचा सुमारें ६० नीं. तेरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटांना हा फरक काय वाटेल, तें सांगावयास नकोच.

मग सर्वांनीं पातळ तारा कां लावूं नयेत? कारण ताणाबरोबर नादहि कमी होतो. जड तार छेडली असतां ती घोडीच्या द्वारें तबलीला, म्हणजे पुढच्या पातळ फळीला, अधिक जोरानें हलविते. आवाज भरदार येतो. पातळ तार सैल असल्यामुळें जोरानें छेडतांच रुंद झोके घेते आणि पडद्यांवर आपटून खरखरते. शिवाय ताण कमी झाला कीं पुढें वांकलेली दांडी किंचित् सरळ होते, तारा पडद्यांच्या आणखी जवळ येतात व खरखर वाढते. उलट पातळ संच काढून जाड लावला तर दांडी पुढें ओढली जाते, तारा उंच होतात, व दाबावयास दुप्पट कठीण वाटतात. म्हणून संचाचा क्रमांक बदलला कीं दांडीच्या आंतील सळई जाणत्याकडून जुळवून घ्यावी लागते. हा खर्च वांचविणारे बहुधा नव्या तारांना नांवें ठेवतात.

एक उपाय बिनखर्चाचाहि आहे. सर्व तारा अर्ध्या स्वरानें उतरवून पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा. ताण शेंकडा अकराच्या सुमारास कमी होतो आणि स्वर मूळचेच राहतात. बोटें कठीण होईपर्यंत नव्या विद्यार्थ्यानें असेंच शिकावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जाड तारांवर धातूचे वेढे कां असतात, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिल्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ३३०, तर सहावीचीं ८२, म्हणजे चौथा हिस्सा. ताण तोच ठेवून साधी पोलादी तार घेतली तर ती पहिलीच्या चौपट जाड घ्यावी लागेल. पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो; चौपट जाडीला दोनशें छप्पन पट ताठपणा! अशी तार तार न राहतां अर्धवट सळई होते. तिचे वरचे उपस्वर आपल्या जागेवरून चढे निघतात आणि नाद ठणठणीत, बेसूर होतो. म्हणून आंत बारीक लवचीक पोलाद घेऊन त्यावर दुसऱ्या धातूचे वेढे घालतात. वजन वाढतें, ताठपणा फारसा वाढत नाहीं.

परंतु जुन्या तारेचें मरणहि ह्या वेढ्यांतच आहे. बोटांचा घाम, तेल व त्वचेचा मळ वेढ्यांच्या फटींत बसतो आणि तारेचीं बारीक, जलद कंपनें गिळून टाकतो. मूळ स्वर राहतो, पण त्याच्या डोक्यावरचे उपस्वर नाहींसे होतात. यालाच आपण "तार मेली" असें म्हणतों. कोंकणपट्टींत व मुंबईंत पावसाळ्याच्या दमटपणानें साध्या तारांवर गंज चढतो, तो निराळाच. पडद्याखालीं नित्य दाबून तारेच्या पोटाला खांचा पडतात. नखानें चांचपलें तर त्या सहज लागतात. अशी तार सर्वत्र सारखी जड राहत नाहीं, म्हणून ती मोकळी मिळविली तरी वरच्या पडद्यांवर बेसूर बोलते. परीक्षा सोपी आहे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडावें, मग तेथेंच दाबून छेडावें. दोन्ही स्वर एक यावयास पाहिजेत. नव्या तारेवर येत असून जुनीवर येत नसतील, तर गिटार निर्दोष आहे. तारा पाण्यांत उकळून मळ काढण्याची युक्ति कांहींजण करतात. तिनें थोडे दिवस चमक येते, खांचा मात्र भरत नाहींत.

येथें आपल्या तंबोऱ्याची आठवण होणें साहजिक आहे. त्याची घोडी रुंद व किंचित् गोलसर. तारेखालीं सूत सरकवून जवारी काढली कीं तीच तार झंकारूं लागते. ह्या रुंद घोडीमुळें उपस्वर कसे उठतात, याविषयीं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं लिहिलें आहे. गिटारीच्या घोडीवरील हाडाची पट्टी अरुंद असते व तार तेथें एका कडेवर संपते. सुताला तेथें वाव नाहीं. तंबोऱ्याचा वादक घोडीवर जें साधतो, त्यांतलें पुष्कळसें गिटारवादकाला तार निवडूनच साधावें लागतें.

निवड करतांना वेढ्यांचा धातु पाहावा. दुकानांत "ब्राँझ ८०/२०" म्हणून जी तार मिळते तींत ८० भाग तांबें व २० भाग जस्त असतें. म्हणजे तें पितळच. पुण्याच्या तांबट आळींतल्या कोणाहि कारागिरानें ह्याला कांसें म्हटलें नसतें! तिचा नाद आरंभीं लखलखीत असतो, पण लवकर उतरतो. "फॉस्फर ब्राँझ" मध्यें तांब्याबरोबर कथील व थोडा फॉस्फरस असतो. तें कांशाच्या जातीचें खरें. त्याचा नाद जरा उबदार व अधिक टिकाऊ असतो. पातळ वेष्टण दिलेल्या ताराहि आतां मिळतात. त्या महाग, पण घामट हाताला व दमट हवेला परवडतात.

सर्वांत घातक चूक मात्र धातूंच्या निवडींत नसून वाद्य न ओळखण्यांत आहे. स्पेनमधील आंतोनियो द तोर्रेस (१८१७–१८९२) यांनीं रूढ केलेली गिटार आंतड्याच्या तारांसाठीं, पातळ तबलीची व हलक्या बांधणीची असते. दुसऱ्या महायुद्धांत आंतडें शस्त्रक्रियेच्या टांक्यांसाठीं लागूं लागल्यामुळें दुर्मिळ झालें, आणि न्यूयॉर्क येथील आल्बर्ट ऑगस्टीन यांनीं नायलॉनच्या तारा करून त्या आंद्रेस सेगोव्हिया यांच्या हातीं दिल्या. नायलॉनचा संच वाद्याला सुमारें ४० किलोंनींच ओढतो. अशा गिटारीवर केवळ मोठ्या आवाजाच्या हौसेनें पोलादी तारा चढविल्या तर तबली फुगते, घोडी उखडते व वाद्य कायमचें जातें. पोलादी तारांची गिटार मुळांतच निराळी, दणकट बांधलेली असते. अमेरिकेंतील मार्टिन कारखान्यानें १९२२ च्या सुमारास अशी बांधणी नित्याची केली. घोडीशीं तार गांठ मारून बांधलेली असेल तर वाद्य बहुधा नायलॉनचें, आणि खुंटीवजा गुंडीनें भोंकांत अडकविलेली असेल तर पोलादाचें समजावें.

तार चढवितांना एकेक काढून एकेक लावावी, खुंटीवर दोनतीन वेढे एकाखालीं एक नीट बसवावे, आणि मिळविल्यावर तार हलकेच ओढून पुनः मिळवावी. नव्या तारा पहिले दोन दिवस उतरतच राहतात. म्हणून स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सकाळीं संच बदलूं नये, तीन दिवस आधीं बदलावा. काढलेल्या तारांपैकीं पहिली व दुसरी गुंडाळून पेटींत ठेवावी. कार्यक्रमांत तुटते ती बहुधा ह्या दोहोंपैकींच, आणि एकदां ताण सोसलेली तार लावतांच स्वर धरते.