फुलटोचा आणि बांडगूळ

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो. हा शब्द आपल्याला झाडावरून मिळाला. आपल्या लांजा तालुक्यात आंब्याच्या जुन्या झाडांवर बांडगूळ पुष्कळ दिसते. पण एवढ्या उंच फांदीवर त्याचे बी पेरले कोणी? माणसाने नव्हे, वाऱ्यानेही नव्हे. ते पेरते एक एवढेसे पाखरू. आज त्याची ओळख करून घेऊ.

या पाखराचे नाव फुलटोचा. लांबी सुमारे ८ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या मधल्या बोटाएवढी. वजन ५-६ ग्रॅम. चिमणी त्याच्या चौपट तरी भरेल! पाठ मातकट हिरवट, पोट मळकट पांढरे. चोच बारीक, जराशी वाकडी आणि फिकट गुलाबी. नर आणि मादी दिसायला सारखीच.

पानांत हे पाखरू चटकन दिसत नाही. म्हणून आधी कान द्या. ‘चिक्, चिक्, चिक्’ असा बारीक आवाज सारखा येत असला, तर वर बघा. ते एका जागी बसायचे नाही. या डहाळीवरून त्या डहाळीवर त्याची धावपळ चाललेली असते. फुलांतला मध, बारीक किडे, कोळी आणि लहान फळे हे त्याचे खाणे.

त्याचे घरटे म्हणजे डहाळीला टांगलेली छोटी पिशवी. मऊ तंतू आणि कोळ्याचे जाळे यांची ती बनवलेली असते. दार बाजूला, वरच्या अंगाला. लांबून पाहिले तर वाळके पान लोंबते आहे असे वाटते. आत बहुधा दोन पांढरी अंडी असतात.

आता बांडगुळाकडे वळू. त्याची फुले लांब नळीसारखी असतात. पाखराने पिकली कळी चोचीत दाबली की ती फट्कन उघडते. फुलातले पराग पाखराच्या डोक्याला लागतात आणि दुसऱ्या फुलाला पोचतात. पुढे फळ धरते. पिकलेले फळ फुलटोचा अख्खे गिळतो. गर पोटात जिरतो आणि बी काही मिनिटांतच बाहेर पडते. हे बी भारी चिकट. शेपटीखाली अडकून राहते. मग पाखरू फांदीवर बूड घासते, आणि बी तिथेच डकते. झाली पेरणी!

बी रुजले की त्याचे मूळ सालीत शिरते. बांडगुळाची पाने हिरवी असतात, ती आपले अन्न करतात. पण पाणी आणि क्षार ते झाडाचे ओढते. मग पुढची फांदी रोडावते, वाळते. मोहोर कमी येतो.

पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सलीम अली यांनी १९३१ साली कोकणातल्या याच बांडगुळावर लेख लिहिला. ते पसरवण्यात फुलटोचा आणि शिंजीर या पाखरांचा वाटा काय, हे त्यांनी त्यात मांडले.

एका बागाईतदारांनी आम्हांला विचारले, “गुरुजी, मग ही पाखरंच मारली तर?”

आम्ही म्हणालो, “नको हो! पाखरू आपलं पोट भरतं. फळच नसलं, तर ते बी आणील कुठून?”

अशी रानपाखरे मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. तेव्हा मुलांच्या हातातली गलोल काढून घ्या, आणि आपण कोयता हाती घ्या. बांडगूळ नुसते ओरबाडू नका. राहिलेल्या गाठीतून ते पुन्हा फुटते. ते चिकटले असेल त्याच्या खाली वीत-दीड वीत फांदी छाटा. कापल्या जागी बोर्डो मलम लावा. हे काम फळे पिकण्याआधी करा.

आणखी एक. पाखराला गडग्याची हद्द ठाऊक नसते. तुम्ही तुमची कलमे साफ केलीत, पण शेजारची बाग ओस पडली आहे, मालक मुंबईला आहे. तिथले बी तुमच्याकडे येणारच. म्हणून सगळ्या वाडीने एकदम हे काम करावे. मालकाला पत्र लिहावे. आता लिहिता येते ना?

दूर रानातले बांडगूळ मात्र राहू द्या. तिथे ते पाखरांचे अन्न आहे. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या अळ्याही त्याचीच पाने खाऊन वाढतात.

सांगा पाहू:
१. फुलटोचा आवाजावरून कसा ओळखाल?
२. बांडगुळाचे बी फांदीला कसे चिकटते?
३. तुमच्या वाडीत किती झाडांवर बांडगूळ आहे? मोजा आणि लिहा.