एकवीस दिवसांचा हिशेब

प्रश्न : घनसावंगी तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. पहाटे पाचला उठून बागेची नोंद आणि मनातलं काही चार ओळींत लिहायचं, असं दर पाडव्याला ठरवतो. शेतीची लाइट रात्रपाळीची आली की सगळं मोडतं. सलग २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. माझे २१ कधी भरतच नाहीत. माझं कुठं चुकतं?
— एक वाचक

उत्तर : तुमचं नाही, त्या आकड्याचं चुकतं. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकातून तो पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लोकांनी ‘निदान’ गाळलं आणि आकडा धरला. पुढे लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट १२ आठवडे करायला लावली. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून २०१० मध्ये छापलेल्या त्यांच्या हिशेबात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४, मध्य ६६. एखादा खाडा पडल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना दिसलं. तेव्हा दर खाड्यानंतर पुन्हा एकपासून मोजू नका.

खरी अडचण पाचच्या ठोक्याची आहे. रात्रभर पाणी दिलेल्या माणसाला पहाटे पाच कुठून जमणार? उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ चा. त्यांच्या दासबोधाच्या अकराव्या दशकातला तिसरा समास काढून पाहा. त्यात दिवसाचा क्रम आहे : सकाळी उठून काही पाठांतर, मग बाहेर जाणं, येताना रिकाम्या हातानं न येणं, मग पुढचं काम. एक काम दुसऱ्याला हात देतं. घड्याळ कुठंच नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. लॅलींच्या प्रयोगातही नवी गोष्ट ‘न्याहारीनंतर’सारख्या ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली होती.

लाइट दिवसाची असो की रात्रीची, म्हशीची धार आणि त्यानंतरचा चहा तुमच्या घरी चुकत नसेल. वही चहाच्या डब्याशेजारी ठेवा. चार ओळी नकोत. पहिले दोन महिने एकच ओळ लिहा, बागेची. पाडव्याची वाटही पाहू नका, उद्याच्या चहापासून धरा.