फटफटी बदलण्यापूर्वी

मुलांनो, आजचा धडा एका शब्दापासून सुरू करू या. मोटारसायकलला मराठीत 'फटफटी' म्हणतात. हे नाव तिच्या आवाजावरूनच पडले. खळखळ, किलबिल, कडकडाट हे जसे आवाजावरून झालेले शब्द, तशीच फटफटी. अशा शब्दांना व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात. आजी-आजोबांना फोनवर हा शब्द सांगून पाहा. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बुलेट उभी राहील. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने 'बुलेट' हे नाव 1932 साली वापरले आणि 1955 पासून ही गाडी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, जोडली जाऊ लागली.

आपण राहतो त्या शिकागोपासून दीड-दोन तासांवर मिलवॉकी शहर आहे. तिथे 1903 साली हार्ले-डेव्हिडसन कंपनी सुरू झाली. तिची फटफटी मात्र 'फट-फट-फट' अशी एकसारखी बोलत नाही. ती 'फट-फट... फट-फट...' अशी अडखळत बोलते. असे का?

बुलेटमध्ये एकच सिलिंडर असतो. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे 720 अंश पूर्ण झाले की एकदा इंधन पेटते. म्हणून ताल सारखा. हार्लेच्या नेहमीच्या इंजिनात दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे, 45 अंशांच्या कोनात बसवलेले असतात आणि दोन्ही दट्ट्यांचे दांडे क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले असतात. त्यामुळे एक सिलिंडर पेटल्यावर दुसरा 315 अंशांनी पेटतो आणि पुन्हा पहिल्याची पाळी 405 अंशांनी येते. एक अंतर लहान, एक मोठे. या आवाजाची मालकी कायद्याने मिळावी म्हणून कंपनीने 1994 साली अर्ज केला होता. 2000 साली तो मागे घेतला. म्हणजे बघा, आवाज वेगळा चिकटवलेला नाही. तो रचनेतूनच आलेला आहे.

आता गाडी बदलण्याविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अनेक अमेरिकन तरुणांनी आपल्या जड फटफट्या हलक्या करायला घेतल्या. पुढचे मडगार्ड काढले, मागचे कापून आखूड केले. 1960 च्या दशकात पुढचा चिमटा लांब आणि तिरका करण्याची हौस आली. अशा गाडीला 'चॉपर' म्हणतात. दिसायला ऐटबाज, पण चिमटा तिरका केला की काय होते?

दुकानातली सामानाची ढकलगाडी आठवा. तिचे पुढचे चाक ज्या खिळ्याभोवती फिरते, त्याच्या थोडे मागे ते जमिनीला टेकते. म्हणून ते आपोआप सरळ मागोमाग येते. फटफटीचेही तसेच आहे. चिमटा जितका तिरका, तितके हे 'मागे टेकण्याचे' अंतर साधारणपणे वाढते. मग सरळ रस्त्यावर गाडी स्थिर धावते, पण हळू वेगात वळवताना जड जाते. एक मिळवायचे तर दुसरे द्यावे लागते.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही फजिती झालीच. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी क्रूझर घेतली आणि हौसेने तिला उंच हॅण्डल बसवले. ॲक्सिलरेटरची केबल ताणून कशीबशी पुरली. आधी ती सैल लोंबत असे, तो मला कारखान्याचा गबाळेपणा वाटायचा. इंजिन सुरू करून हॅण्डल डावीकडे पूर्ण वळवले, तर मूठ न पिळताच इंजिन गुरगुरू लागले! वळताना केबल खेचली जात होती. नशीब, गाडी न्यूट्रलमध्ये, गराजमध्येच होती. मागे बसायला हेल्मेट घालून तयार असलेली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे ती केबल मुद्दाम सैल ठेवली होती ना?" मी इंजिनिअर, पण हे तिने सांगितले. त्या दिवशीची फेरी रद्द झाली. पुढे ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबली, ब्रेकची नळी, दिव्यांच्या वायरी असे सगळेच लांब घ्यावे लागले.

ऑफिसातही जुन्या प्रोग्रॅममधली एखादी ओळ निरुपयोगी वाटते. काढली की भलतेच काही बंद पडते. म्हणून मुलांनो, आणि पालकांनो, हौस जरूर करा. पण एखादी गोष्ट आहे तशी का आहे, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

शब्दार्थ
दट्ट्या – सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारा भाग
चिमटा – पुढचे चाक धरणारे दोन दांडे
ऐटबाज – रुबाबदार
गबाळेपणा – अव्यवस्थितपणा
फजिती होणे – ओशाळे वाटेल अशी चूक होणे

स्वाध्याय
1. 315 आणि 405 यांची बेरीज करा. हेच उत्तर का येते?
2. पाच अनुकरणवाचक शब्द लिहा.
3. ढकलगाडीचे चाक नीट पाहून त्यावर चार वाक्ये लिहा.
4. 'फजिती होणे' वापरून स्वतःचा एक प्रसंग वर्गात सांगा. माझा सांगून झाला आहे!