चित्रकथेचे प्रदर्शन : इयत्ता चौथीसाठी एक उपक्रमपाठ

शाळेत चित्रांचे प्रदर्शन भरते, तेव्हा बहुधा असे घडते : चित्रे भिंतीवर लागतात, पाहुणे त्यांवरून दृष्टी फिरवितात आणि ती काढणारे मूल दूर कोपऱ्यात उभे असते. परंतु चित्र ज्याने काढले, त्याच्या तोंडून त्याची हकीकत ऐकल्यावाचून प्रदर्शन अपुरेच राहते. ही उणीव दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

पार्श्वभूमी.— ही रीत आपणांस नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करीत आले आहेत. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली असतात; त्या संचास पोथी म्हणतात. कलावंत एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि गात, सांगत कथा पुढे नेतो. प्रदर्शन आणि निवेदन ही दोन्ही येथे एकच होतात. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत या कलेचे संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रे आहेत. छापील चित्रकथांचा मानही पुढे वाढला. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ साली सुरू झाली, तर बेल्जियममधील ब्रसेल्स येथे १९८९ साली चित्रकथांचे स्वतंत्र संग्रहालयच उघडले.

विषय.— डिंभे परिसरातील शिक्षकांस विषय दूर शोधावयास नको. घोड नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. ज्यांनी ते गाव पाहिले, ती माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्या आठवणी मुलांच्या हातून कागदावर उतराव्यात. इतर गावांनी आपल्या गावची अशीच एखादी खरी हकीकत घ्यावी.

पाठाचा क्रम.—
१. जुने गाव पाहिलेल्या एखाद्या आजी-आजोबांस मानाने शाळेत बोलवावे. घर कोठे होते, वाट कशी होती, बाजार कसा भरे, असे प्रश्न मुलांनी विचारावेत. सांगताना त्यांचा कंठ दाटला, तर पुढे विचारू नये. थांबणे हेही शिक्षणच आहे.
२. ऐकलेल्या हकीकतीचे सहा प्रसंग फळ्यावर क्रमाने लिहावेत. कोणता प्रसंग गाळला तर कथा तुटते, हे मुलांनीच ठरवावे.
३. सहा गट करून प्रत्येकास एक प्रसंग द्यावा. चित्राखाली एकच वाक्य लिहावे. जे चित्रात दिसते, ते वाक्यात पुन्हा सांगू नये.
४. चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरीस लावावीत. प्रत्येक गटातील एका मुलाने चित्राजवळ उभे राहून आपण काय ऐकले व काय काढले ते सांगावे. पहिला मान त्या आजी-आजोबांचा. त्यांनी चूक दाखविली, तर चित्र त्यांच्यासमोरच सुधारावे.

मूल्यमापन.— चित्र सुबक आहे की नाही, यावर गुण देऊ नयेत. क्रम बिनचूक आहे काय, आणि एरवी न बोलणारे मूल चार वाक्ये बोलले काय, एवढेच पाहावे.

प्रदर्शन संपल्यावर चित्रे क्रमाने शिवून शाळेच्या ग्रंथपेटीत ठेवावीत. पाण्याखालील गावाची ती पोथी पुढील वर्षीच्या मुलांना वाचावयास मिळेल.